पस्तीस मिनिटांचा तास आणि तेवीसचा आकडा

महाराष्ट्र राज्य आणि मी जवळजवळ एकाच वयाचे. दोघंही पंचविशीत होतो तेव्हा मला धाडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली. माझं गाव वरवट बकाल, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. घाट चढून बुलढाण्याला यायचं, तिथे एसटी बदलायची आणि मग धाड. सारखं येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून शाळेजवळच एक खोली घेतली आणि तिथली झाले.

पहिल्याच उन्हाळ्यात विज्ञान शिक्षकांसाठी एका शहरातल्या अभियांत्रिकी कॉलेजात तीन आठवड्यांचं शिबिर होतं. मी गेले. पहिल्या दिवशी ओळख करून देताना तोंडातून 'मले' निघालं आणि मागच्या बाकावरचे दोघं हसले. त्यानंतर मी तिथे फारसं बोलले नाही, काम मात्र भरपूर केलं. आम्हाला शिकायला दिलं होतं ते यंत्र म्हणजे पाटीएवढा एक हिरवा बोर्ड. वरच्या बाजूला सहा लाल आकडे उमटतील अशी खिडकी आणि खाली पंचवीसेक बटणं. ना पडदा, ना टाइपरायटरसारखी अक्षरं. यंत्राला फक्त आकडे कळायचे. एकेक आकडा म्हणजे एकेक हुकूम: हे उचल, ते तिथे ठेव, एक कमी कर, शून्य झालं का बघ. मला त्याचं वेडच लागलं. शेवटच्या दिवशी तिथले प्राध्यापक म्हणाले, "आमच्याकडे नवे बोर्ड आलेत. हा जुना कपाटात पडून राहण्यापेक्षा तुमच्या शाळेत जाऊ दे." मी तो सुती साडीत गुंडाळून, सगळा रस्ता मांडीवर धरून धाडला आणला.

शाळेत तो सगळ्यात आधी पाहिला तो आमच्या शिपाईमामांनी.

मामा पन्नाशीचे. बावीस वर्षं शाळेची घंटा वाजवत होते. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. सकाळच्या एसटीनं पेपर आला की चहाची किटली घेऊन मामा शिक्षकांच्या खोलीत यायचे, दारातच उभे राहून एकेक मथळा वाचायचे आणि प्रत्येकावर एकच वाक्य बोलायचे. आम्ही त्या वाक्यासाठी थांबलेले असायचो.

"यंदा वीजकपात होणार नाही, मंत्र्यांची ग्वाही," असं वाचून म्हणाले, "मेणबत्त्या आणून ठेवतो."

कुठल्याशा देशानं टीव्हीसाठी सोडलेला उपग्रह समुद्रात पडला, तर म्हणाले, "चला, मासे तरी पाह्यतीन."

एका लग्नात कुणी ऐंशी पुऱ्या खाल्ल्याची बातमी होती, खाणाऱ्याच्या नावागावासकट. मामा बराच वेळ त्या बातमीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तळणारीचं नाव नाई छापलं."

बोर्ड पाहून त्यांनी विचारलं, "बाई, हे काय करते?"

"सांगाल ते करते," मी म्हणाले.

"असं कुनी जगात असते होय?" एवढं म्हणून ते पाणी भरायला गेले.

हेडमास्तरांना मात्र बोर्ड आणल्याचा फार आनंद झाला. ते हौशी गृहस्थ होते. शाळेत नवीन काही घडावं अशी त्यांना सतत ओढ. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावलं. "बाई, हे यंत्र आपल्या शाळेची घंटा वाजवू शकेल का? दर पस्तीस मिनिटांनी, आपोआप? माणसाचा हात न लागता?"

मला तो प्रश्न सोडवण्यासारखा वाटला, आणि मी लगेच हो म्हणाले. हात कुणाचा लागत होता, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

ते डोक्यात आलं आठवड्याभरानं. त्या दिवशी पेपरात मोठा मथळा होता, कचेऱ्यांमध्ये संगणक येणार, कर्मचाऱ्यांचा विरोध. मामांनी तो वाचला. आम्ही सगळे कप हातात घेऊन थांबलो. मामांनी पेपराची घडी केली, टेबलावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं, असं गणिताचे सर म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. ते रांजण धूत होते.

"बाई, एक इचारू?" रांजणातूनच ते म्हणाले. "तुमचं मशीन घंटा वाजवीन. मंग मी काय करू?"

"अहो, बाकीची कामं आहेतच की."

"कामाचं नाई म्हनत मी. झाडनं, पानी, टपाल, समदं आहेच." त्यांनी रांजण उलटा केला. "पन गावात मले घंटेवाला म्हनतात. बाजारात कोनी पोरगं भेटलं तं म्हनते, ते पाह्य, घंटेवाले मामा. आता काय म्हनतीन?"

खरं सांगायचं तर माझं काम अडलं होतं. बोर्डाला एक मिनिट मोजायला लावायचं म्हणजे त्याच्याकडून उलटी गिनती करून घ्यायची. मोठा आकडा द्यायचा आणि एकेक कमी करत शून्यापर्यंत न्यायचा. माझी गिनती शून्याला थांबतच नव्हती. दोन दिवस मी त्यावर डोकं फोडत होते.

"मग तुमीच शिका ना मामा," मी म्हणाले. "मले एकटीले जमून नाई राह्यलं."

मामा एकदम हसले. "आता कशा घरच्यावानी बोलल्या."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही दोघं प्रयोगशाळेत बसू लागलो. मामांना इंग्रजी अक्षरं येत होती. आकडे तर येतच होते. गिनती का थांबत नाही ते मला पुस्तक पुन्हा वाचल्यावर कळलं. या यंत्रात एक आकडा एकटा कमी केला, की शून्याला ते स्वतःहून खूण करतं. पण मोठी संख्या दोन घरांत मिळून ठेवावी लागते, आणि ती जोडी कमी करताना शून्य आलं तरी ते खूण करत नाही. दोन्ही घरं रिकामी झाली का, हे आपण वेगळं विचारावं लागतं. मी हे मामांना सांगितलं.

मामांनी मान डोलावली. "जोडीनं जुंपलं की कोनीच जबाबदारी घेत नाई. आमच्या दोघा भावायचं असंच आहे."

मामांच्या मनगटी घड्याळावर आम्ही एक मिनिट नेमकं बसवलं. पुष्कळदा ते घड्याळाकडे न पाहताच 'झालं' म्हणायचे आणि त्याच क्षणी सेकंदकाटा बाराला टेकलेला असायचा. मग पाच मिनिटं लावून पाहिली. बरोबर पाचव्या मिनिटाला बोर्डाला तार जोडून व्हरांड्यात बसवलेली विजेची घंटा घणघणली. मामांनी घंटेकडे पाहिलं आणि म्हणाले, "आवाज लहान आहे. पन वेळेचं पोरगं आहे."

हेडमास्तरांनी सोमवार ठरवला. प्रार्थना झाली, मी मिनिटांच्या जागी ३५ टाकलं, सुरू करायचं बटण दाबलं आणि आठवीच्या वर्गावर गेले. मामांना सक्त सूचना होती, आज हातोडा उचलायचा नाही.

पस्तीस मिनिटं झाली असावीत असं मला वाटलं. घंटा नाही. चाळीस झाली. मुलं दाराकडे पाहायला लागली. शेजारच्या दहावीत गणिताचे सर प्रमेय सिद्ध करत होते. त्यांचं एक प्रमेय नेहमी घंटेमुळे अर्धवट राहायचं. आज ते पूर्ण झालं, सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि घंटा वाजत नाही असं पाहून दुसरं सुरू केलं. बाहेर मराठीच्या बाई पुस्तक छातीशी धरून उभ्या. मामा कडुनिंबाखाली हातोडा पाठीमागे धरून उभे. शेवटी ते माझ्या वर्गाच्या खिडकीशी आले.

"बाई, ते मशीन झोपलं वाटते."

मी धावत प्रयोगशाळेत गेले. बोर्डावर आकडे नीट कमी होत होते, यंत्र अगदी जागं होतं. मी पाहत असतानाच घंटा वाजली. मामांनी घड्याळ पुढे केलं. "त्रेपन मिनिटं."

पस्तीस सांगितले आणि त्रेपन्न झाले. आकडे उलटे झाल्यासारखे. क्षणभर मलाही ती भुताटकी वाटली, आणि मग एकदम लख्ख कळलं. मी टेबलाला धरून हसत सुटले. मामा घाबरले.

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांपुढे मला खुलासा द्यावा लागला. मी सांगितलं की हे यंत्र दहाच्या हिशेबानं मोजत नाही, सोळाच्या हिशेबानं मोजतं. नऊनंतर दहाला ए, अकराला बी, असं पंधराला एफपर्यंत, आणि सोळा झाले की मग पुढच्या घरात एक. पाच मिनिटांची परीक्षा घेतली तेव्हा चूक कळली नाही, कारण पाच हे दोन्हीकडे पाचच. मी सवयीनं पस्तीस टाकले आणि त्यानं त्याच्या सवयीनं ते वाचले.

हेडमास्तरांच्या कपाळावर आठ्या. "सोळाच्या हिशेबानं म्हणजे काय? असं कुणी मोजतं का?"

मामा किटली घेऊन दारात होते. ते म्हणाले, "सर, शेर किती छटाकाचा?"

"सोळा," हेडमास्तर म्हणाले. जुन्या मापांवरच ते वाढले होते.

"मंग बाईनं याले तीन शेर पाच छटाक सांगतले. छटाक किती झाले?"

हेडमास्तरांनी बोटांवर मोजलं. "अठ्ठेचाळीस आणि पाच. त्रेपन्न."

"आनि आपल्याले पाह्यजे पस्तीस छटाक. म्हंजे दोन शेर तीन छटाक." मामा माझ्याकडे वळले. "बाई, तेवीस टाका."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. शिबिरात हे शिकायला मला पूर्ण दोन दिवस लागले होते. मामांचे वडील जन्मभर बाजारात मिरच्या-मेथी विकत आले होते आणि मामा लहानपणी त्यांच्या तराजूशेजारी बसून मोठे झाले होते.

मंगळवारी तेवीस टाकले आणि पस्तीस मिनिटांनी घंटा वाजली. गणिताचे सर तेवढे नाराज झाले. दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीसाठी 'ए' टाकावा लागे, म्हणून मुलं त्या सुट्टीलाच ए म्हणायला लागली. 'ए'त भेटू, असं एकमेकांना सांगायची.

एक अडचण राहिलीच. वीज गेली की बोर्ड सगळं विसरायचा, आणि वीज रोज जायची. पुन्हा आली की चाळीसेक आकडे पहिल्यापासून भरावे लागत. मी वर्गावर असायचे, म्हणून ते काम मामांकडे आलं. पहिले काही दिवस माझ्या वहीतून पाहून भरायचे. मग वही लागेनाशी झाली. व्हरांडा झाडताना त्यांचं पुटपुटणं चालायचं, "तीन-ई, आठ-शून्य, डी-तीन, शून्य-तीन..." नवीन आलेल्या मुलांना वाटायचं, मामा जप करतात.

महिनाभरानं बातमी आली. गावात कापडाचं दुकान चालवणारे एक गृहस्थ जिल्ह्याच्या पेपराला बातम्या पाठवायचे. त्यांनी शाळेत येऊन बोर्ड पाहिला होता, हेडमास्तरांशी बोलले होते. सकाळी मामा नेहमीसारखे दारात उभे राहिले आणि पहिलाच मथळा वाचला, "धाडच्या शाळेत संगणक. घंटा आता आपोआप. शिपायाची गरज संपली."

मामांनी बातमी पूर्ण वाचली, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मग पेपर खाली ठेवून किटली उचलली आणि माझा कप भरला.

"घ्या बाई. गरज संपलेल्या मानसाचा चहा आहे. थंडा होऊन राह्यला."

आम्ही हसलो, मामाही हसले. पण गावानं ती बातमी खरी धरली. चहाच्या हॉटेलात लोक मामांना जागा करून द्यायला लागले, दुखवट्याच्या घरी देतात तशी. एकानं त्यांना मळ्यात राखणीचं काम देऊ केलं. मामा किती सांगणार. छापून आलं होतं ना.

बाजाराच्या दिवशी दुपारी मी प्रयोगशाळेत वह्या तपासत होते. मामा बोर्डाशी बसले होते, वीज नुकतीच परत आली होती. दारात एक म्हातारा आला. पांढरा पटका, खांद्यावर रिकामं पोतं, कपड्यांना मेथीचा वास. मामा उठून उभे राहिले. "बाबा, तुमी इथं काऊन आले?"

म्हाताऱ्यानं खोलीभर पाहिलं. "कोठी हाय ते?"

"काय?"

"तुही नोकरी खाल्ली ते."

मामांनी बोटानं बोर्ड दाखवला. म्हाताऱ्याला तो दिसला नाही असंच मला वाटलं. काहीतरी बैलाएवढं शोधत त्याची नजर पुढे गेली होती. मग परत आली. "एवढंसं?"

"बसा बाबा. दाखवतो." मामांनी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि आकडे भरायला लागले, तोंडानं म्हणत, बोटानं दाबत, वहीशिवाय. म्हातारा लेकाच्या बोटांकडे पाहत होता. मिनिटांची जागा आली तेव्हा मामा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबा काही पस्तीस मिनिटं बसनार नाईत." आणि त्यांनी एक टाकला.

मी त्यांना अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही.

एका मिनिटानं घंटा वाजली. तास सुरू होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती, पण घंटा म्हणजे घंटा. अख्खी शाळा उठली. बाकं सरकली, दारं उघडली, चारशे पोरं व्हरांड्यात आणि पटांगणात. पाठोपाठ शिक्षक, हातात खडू घेऊन. म्हातारा खिडकीशी गेला आणि बाहेर पाहत राहिला.

"हे समदं तुह्या बोटानं झालं?"

"हाव, बाबा."

"मंग नोकरी कोनाची गेली?"

"कोनाचीच नाई."

हेडमास्तर तणतणत दारापर्यंत आले. मग त्यांना म्हातारा दिसला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. हेडमास्तर परत फिरले आणि मुलांना वर्गांत पिटाळायला लागले.

आमचं मन अजून भरलं नव्हतं. मला एक सुचलं. या बोर्डावर सगळी अक्षरं उमटत नाहीत, पण ए आणि बी उमटतात. मी मामांच्या कानात सांगितलं. त्यांनी चार बटणं दाबली. खिडकीत लाल अक्षरं आली, बी ए बी ए.

"बाबा, पाहा. याच्यात तुमाले लिवलं. बाबा."

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं बोट काचेजवळ नेलं आणि एकेका अक्षरावरून हवेतच फिरवलं. "आनि हे पुढचे दोन?"

चार अक्षरांच्या पुढे एफ एफ दिसत होतं. मी म्हणाले, "ते काही नाही, बाबा. तिथे काही नसलं की यंत्र असं दाखवतं. रिकामी जागा."

म्हाताऱ्यानं बोळकं तोंड उघडून हसून दाखवलं. "बाबा, आनि पुढं रिकामं. दात नाईत हेबी समजते याले."

तो गेल्यावर मी पेपराला पत्र लिहिलं. यंत्र आपोआप चालत नाही, मामा चालवतात, असं सविस्तर. पुढच्या आठवड्यात चौथ्या पानावर बारीक अक्षरांत खुलासा आला. मामांनी तो दारात उभं राहून वाचला. शिपाई हेच संगणकचालक आहेत, असं त्यात होतं, आणि माझ्या नावाआधी 'श्री.' लावलं होतं.

"माही गरज परत आली," मामा म्हणाले. "पन तुमी बाप्या झाल्या, बाई."

त्या खुलाशाचा हेडमास्तरांवर परिणाम झाला असावा. त्यांनी शनिवारचा एक तास यंत्रासाठी ठेवला, नववीच्या मुलामुलींना, आणि म्हणाले की शिकवायचं दोघांनी मिळून. पहिल्या शनिवारी मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. बोर्ड वर्गात आणून टेबलावर ठेवला. आधी त्यांनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. मग शेर-छटाकावर आले आणि गाडी रुळावर आली.

तास संपत आला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मामा, शून्यातून एक काढला तर?"

"कसा काढशीन? काहीच नाई त्याच्यात."

"यंत्राला सांगून पाहू ना."

मामांनी सांगितलं. एफ एफ. पंधरा शेर पंधरा छटाक, म्हणजे दोनशे पंचावन्न. पूर्ण भरलेलं घर. मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती जमली. मामांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"रिकाम्यातून काढलं तं भरून येते," ते हळूच म्हणाले. "बाई, हे मले नाई समजलं."

मी समजावायला लागले. एकाच घरात किती मावतं, मागे गेलं की शेवटावर कसं पोचतं, फळ्यावर गोल काढून दाखवला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. घंटा वाजली नाही, कारण ती वाजवणारं यंत्र आमच्यापाशी होतं आणि हातोडा मारणारे मामा टेबलावर वाकलेले होते. शेजारच्या वर्गात गोंधळ सुरू झाला. हेडमास्तर विचारायला आले, गर्दीतून वाट काढत टेबलापर्यंत पोचले आणि बोर्डाकडे पाहू लागले. मामांनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

हेडमास्तरांनी चष्मा पुसून परत लावला.

"बरं, मामा," ते म्हणाले, "आणि शून्यातून दोन काढले तर?"